सत्कार परत करणाऱ्या मॅडम

आमच्या शाळेत सत्कार कुणाचाही असो, माईक माझ्याच हातात असतो. मराठीच्या मॅडम म्हटल्यावर सूत्रसंचालन आलं, स्वागतगीत आलं, फळ्यावरचा सुविचार आला आणि फाटकावरच्या बोर्डाचा मजकूरही आला. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू. एखाद्या साध्या माणसाला माईकवरून चार विशेषणं लावली की तो खुर्चीत जरा ताठ होऊन बसतो, ते बघायला बरं वाटतं. स्टाफरूममध्ये माझ्या शेजारच्या टेबलाला विज्ञानाच्या मॅडम असायच्या. त्यांना विशेषणं सहन व्हायची नाहीत. मी नुसतं "आज काय भयंकर ऊन आहे" म्हटलं, तरी त्या हातातला घास थांबवून विचारायच्या, "किती?"

टेबलाला असायच्या म्हटलं, कारण बसायच्या नाहीत. डबा उभ्यानंच खायच्या. दुपारी बसलं की झोप येते म्हणायच्या. दोन्ही हातांत घड्याळं. डाव्या हातातलं आपलं, उजव्या हातातलं जगाचं. आकाशातल्या नोंदी सगळीकडं एकाच वेळेनं ठेवतात आणि ती वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं असते, म्हणून ते दुसरं घड्याळ. एकदा नवीन लागलेल्या शिपायानं त्यांना किती वाजले म्हणून विचारलं. त्या कसल्यातरी तंद्रीत होत्या, उजवं मनगट बघून म्हणाल्या, साडेपाच. सकाळचे अकरा वाजले होते. तो बिचारा किल्ल्यांचा जुडगा घेऊन शाळा बंद करायला निघाला.

पडेगावला आमच्याच गल्लीत त्या एका खोलीत भाड्यानं राहायच्या. लग्न केलेलं नव्हतं. का नाही, हे विचारायची सोय नव्हती, कारण विचारलं असतं तर त्यांनी खरंच सांगितलं असतं. त्यांच्या स्कूटीवर मागं बसून मी शाळेत जायचे. गाडी इतकी हळू की दौलताबाद रोडवर मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवून बेजार व्हायचे. एक जण तर शेजारी येऊन म्हणाला, "मॅडम, चला रहे के ढकल रहे?" मॅडमनी इंडिकेटर देऊन गाडी बाजूला घेतली, स्टँडवर लावली, हेल्मेट काढलं आणि त्याला शांतपणे सांगितलं की चालवतेय. तोवर तो छावणीच्या पुढं गेला होता.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "काटा थांबू द्या." वडील सोयगावच्या बाजारात मापाडी होते. कापसाचं नाहीतर मक्याचं पोतं काट्यावर चढलं की एकीकडून शेतकरी ओरडणार, दुसरीकडून व्यापारी, आणि हे मधे उभे. काटा हलायचा थांबल्याशिवाय तोंडातून आकडा काढायचा नाही, हा त्यांचा नेम. लेकीनं तो वर्गात आणला. पोरांनी उत्तर यायच्या आधीच हात वर केला की काटा थांबू द्या. स्टाफरूममध्ये कुणाच्या सुनेचा विषय निघाला, गोष्ट रंगायला लागली, की काटा थांबू द्या. पोरांनी त्यांचं नावच 'काटा मॅडम' पाडलं होतं आणि ते त्यांना माहीतही होतं.

मला एकदा त्यांच्यामुळं मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या नणंदेच्या मुलीला बघायला आमच्या घरी पाहुणे आले होते आणि मॅडम नेमक्या माझी वही परत द्यायला आल्या. बसवून घेतलं. मुलाच्या आईनं कौतुकानं विचारलं, मुलगी स्वयंपाकाला कशी आहे. आम्ही सगळ्या एका सुरात सुगरण म्हणालो. मग त्या बाईंनी मॅडमकडं बघितलं, तर ह्या म्हणाल्या, "मी तिच्या हातचं खाल्लेलं नाही अजून." पोहे तिनं केलेत असं आम्ही नुकतंच सांगितलं होतं आणि पोहे मॅडमच्या हातात होते. त्यांनी ते माझ्या हातचे म्हणून बरोबर ओळखले होते. पुढं बरेच दिवस मी शाळेत रिक्षानं गेले.

तर आकाशाचं. आकाश बघणारी बाई म्हणजे रात्री गच्चीवर दुर्बीण लावून बसणारी, असं मला वाटायचं. ह्या नऊला झोपायच्या. ह्यांचं आकाश शनिवारी दुपारी, शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये, पडदे ओढून. परदेशातल्या कुठल्याशा मोठ्या दुर्बिणीनं काढलेले फोटो ते लोक जगभरच्या शाळांना बघायला पाठवतात. आकाशाचा एकच तुकडा, थोड्या थोड्या वेळानं काढलेला. कॉम्प्युटर ते फोटो एकामागून एक दाखवत राहतो. सगळे पांढरे ठिपके जागच्या जागी उभे असतात, ते तारे. त्यातला एखादा ठिपका गुपचूप सरकताना दिसला, तर तो लघुग्रह, म्हणजे सूर्याभोवती फिरणारा एक धोंडा. बहुतेक धोंडे आधीच कुणीतरी नोंदवलेले असतात. क्वचित एखादा नसतो. आठवीच्या पोरी तासन्‌तास त्या पडद्याला डोळे लावून बसायच्या आणि मधेच "हालला, मॅडम, हालला" म्हणून ओरडायच्या. मॅडमचं उत्तर तुम्हाला माहीत आहे.

मधल्या सुट्टीत त्या आम्हाला एकेक धोंड्याची गंमत सांगायच्या. एका लघुग्रहाला स्वतःचा छोटा चंद्र आहे. एकाच्या भोवती कडी आहेत. हे सांगताना मात्र त्यांचा आवाज बदलायचा आणि विशेषण नसलं तरी आम्हाला कळायचं की बाई खूश आहे. नावांचे नियमही त्यांच्याकडूनच कळले. धूमकेतूला शोधणाऱ्याचं नाव आपोआप लागतं, लघुग्रहाला लागत नाही. त्याची फिरायची वाट नीट ठरेपर्यंत कैक वर्षं थांबायचं, मग शोधणाऱ्यानं नाव सुचवायचं. स्वतःचं सुचवायचं नाही. कुत्र्यामांजराचं सुचवलेलं आवडत नाही. राजकारणातल्या माणसाचं सुचवायचं तर त्याला जाऊन शंभर वर्षं झालेली पाहिजेत. पीटीचे सर म्हणाले, आपण आपल्या संस्थेच्या अध्यक्षांचं देऊ. अध्यक्षांचं थोडं राजकारणही होतं. मॅडम गंभीरपणे म्हणाल्या, "मग त्यांना आधी जावं लागेल आणि नंतर शंभर वर्षं थांबावं लागेल." चहा माझ्या नाकातून बाहेर आला.

आणि एके दिवशी मॅडमच्या आणि आठवीच्या पोरींच्या नावानं प्रमाणपत्र आलं. पोरींना सापडलेला एक ठिपका तिकडच्या लोकांना कुठल्या यादीत दिसला नव्हता. त्याला अक्षरं-आकड्यांचं एक तात्पुरतं नाव मिळालं होतं आणि प्रमाणपत्रावर स्पष्ट लिहिलं होतं, प्राथमिक नोंद. मुख्याध्यापकांनी ते प्रमाणपत्र वाचलं, पण तेवढे दोन शब्द वाचले नाहीत. त्यांनी मला बोलावून फाटकावर मोठा बोर्ड लावायला सांगितलं. मी बसल्या बैठकीला मजकूर लिहिला. 'आमच्या विज्ञान शिक्षिकेने अवकाशात शोधला नवा ग्रह'. आधी मी 'लघुग्रह' लिहिलं होतं. पेंटर म्हणाला ओळीत बसत नाही, तर 'लघु' काढून टाकलं.

मॅडम बोर्डाखाली उभ्या राहून बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, शब्द कमी आहेत. मी म्हटलं, अहो जागा नाही. त्या म्हणाल्या, मग बोर्ड मोठा करा. आम्ही सगळे हसलो.

त्यानंतर जे सत्कार सुरू झाले, विचारू नका. संस्थेनं केला, वॉर्डातल्या मंडळींनी केला, दोन महिला मंडळांनी केला, आमच्या गल्लीनं केला. ज्या बायकांनी मॅडमना कधी घरात चहाला बोलावलं नव्हतं, त्यांनी खण-नारळानं ओटी भरली. मॅडम जयभीमवाल्या, हे कारण कुणी उच्चारत नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. आता सगळ्यांना त्यांच्या शेजारी उभं राहून फोटो पाहिजे होता. मॅडम प्रत्येक ठिकाणी माईकवर एकच सांगायच्या, की ही प्राथमिक नोंद आहे, काटा अजून थांबलेला नाही. आणि त्यांच्यामागून मी माईक घेऊन म्हणायचे, विनम्रता हाच खरा दागिना. टाळ्या मलाच जास्त पडायच्या.

शाळेच्या मोठ्या कार्यक्रमाला त्यांचे वडील सोयगावहून एसटीनं आले. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, खांद्यावर टॉवेल. सोबत वस्तीतल्या काही बायका. त्यांच्यातली वयानं मोठी धुरपदामावशी, तिच्या हातात पिशवी. स्टाफतर्फे मी मॅडमच्या खांद्यावर हिमरू शाल घातली. मग मावशी हळूहळू पायऱ्या चढून आली आणि पिशवीतून निळ्या काठाची पांढरी साडी काढून तिनं मॅडमच्या हातात ठेवली. वस्तीनं वर्गणी काढून घेतलेली. सभागृह भारावलं होतं आणि मला राहवलं नाही. कार्यक्रमपत्रिकेत नसताना मी माईक मॅडमच्या तोंडापुढं धरला आणि विचारलं, "मॅडम, आपल्या ह्या ग्रहाला नाव काय देणार?"

मला वाटलं, आता काटा येणार. मॅडमनी पहिल्या रांगेत बसलेल्या वडलांकडं बघितलं. मग म्हणाल्या, "कौसा."

कौसा त्यांची आई. जिनिंगमध्ये सरकी-कापसाच्या धुरळ्यात जन्म गेला आणि आदल्या वर्षी ती वारली होती. गावात तिला कुणी नावानं हाक मारली नव्हती, सगळ्यांसाठी ती मापाड्याची बायको. म्हाताऱ्यानं टॉवेल तोंडाला लावला. लोक उभे राहिले. मी माईक हातात धरूनच रडले आणि ते सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं.

परत येताना स्कूटीवर मॅडम एकच बोलल्या. "काटा हलत होता." मी म्हटलं, अहो किती छान झालं, कशाला मनाला लावून घेता.

पुढं दीड-दोन वर्षं काही झालं नाही. लोक विसरले. बोर्ड मात्र राहिला. दर ॲडमिशनच्या आधी तो पुसून चकचकीत व्हायचा. मग एका मधल्या सुट्टीत मॅडमनी मोबाइलवर काहीतरी वाचलं आणि त्या खुर्चीवर बसल्या. स्टाफरूममध्ये त्यांना बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. तिकडच्या लोकांनी त्या ठिपक्याची वाट मागं मागं काढत नेली होती आणि ती आणखी कुणालातरी फार पूर्वी दिसलेल्या एका धोंड्याशी जुळली होती. धोंडा त्यांचा. नाव द्यायचं तर ते देतील. मी विचारलं, म्हणजे चुकलं का? मॅडम म्हणाल्या, "चुकलं नाही. आपला नाही."

मी त्यांना सांगून पाहिलं की हे कुणालाही माहीत नाही आणि कुणी विचारणारही नाही. त्या म्हणाल्या, मी सांगितलंय ना लोकांना. आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सत्कार परत करायला सुरुवात केली.

सगळं जपून ठेवलं होतं त्यांनी. कुणाची शाल, कुणाचं स्मृतिचिन्ह, कुणाचा खण, ज्याचं त्याच्या पिशवीत. नारळ तेवढे नवीन आणले होते, कारण जुने फोडून वर्गात वाटले होते. मला म्हणाल्या, तुम्ही माईकवर होता, तुम्ही सोबत चला. नाही म्हणायला तोंड नव्हतं. पहिल्यांदा चितेगावला गेलो. तिथं अध्यक्षांचा पत्र्याच्या डब्यांचा कारखाना आहे. मॅडमनी स्मृतिचिन्ह टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. अध्यक्ष मोठ्यानं हसले. "अरे मॅडम, दिया सो दिया. ग्रह सरकला असेल, आमचं प्रेम थोडीच सरकलं?" चहा पाजला आणि उठताना कारखान्याच्या नावाचा एक जेवणाचा डबा भेट दिला. परत करायला गेलेली बाई जास्तीची वस्तू घेऊन बाहेर आली. मी खाली बघत होते, कारण मला हसू येत होतं, आणि मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं.

महिला मंडळाच्या बायका तर घाबरल्याच. ओटी परत घेतात का कुठं, अपशकुन असतो, म्हणून एकीनं दारातूनच हात जोडले. वॉर्डातल्या मंडळींना सत्कार केलेला आठवतच नव्हता. मुख्याध्यापकांना त्यांनी बोर्ड उतरवायला सांगितलं. सर म्हणाले, एवढ्या ॲडमिशन होऊन जाऊ द्या. आणि मग एका संध्याकाळी त्या माझ्याच दारात उभ्या राहिल्या, हिमरू शालीची घडी हातात घेऊन.

मी म्हटलं, "राहू द्या हो. आमच्याकडं शाली लई पडल्यात."

"माहितीय," मॅडम म्हणाल्या. "ही तुमच्या सासऱ्यांना मिळालेली. त्या कार्यक्रमाला मी होते. काठाला कुंकवाचा डाग आहे, तो दिसू नये म्हणून घडी उलटी घातलीय."

त्यांनी हे टोमणा म्हणून सांगितलं नव्हतं. मला दिलेली माहिती होती ती. शाल स्टाफतर्फे घ्यायची ठरली होती आणि मी म्हटलं होतं, नवी कशाला, मी घरून आणते. माझ्या कानशिलापर्यंत आग झाली. तरी मी शाल घेतली नाही. राहू द्या, राहू द्या, म्हणत दार लोटलं.

शेवटी सोयगाव उरलं. मॅडमनी कधी कुणाकडं मदत मागितली नव्हती, त्या शुक्रवारी मला म्हणाल्या, "उद्या माझ्याबरोबर याल का? एकटीला बोलणं जमणार नाही." अध्यक्षांपुढं घडाघडा बोललेली बाई ही. मला कळलं की बाकीचं सगळं त्यांच्यासाठी काहीच नव्हतं, भीती होती ती म्हाताऱ्याची. कौसाचं नाव आकाशात आहे असं तो गेली दोन वर्षं अख्ख्या गावाला सांगत होता.

शनिवारची शाळा अर्ध्यावर सोडून आम्ही एसटी धरली. सिल्लोड गेलं, घाट गेला, मॅडम मांडीवर पिशवी घट्ट धरून बसलेल्या. मी त्यांना वाटेत शिकवत होते, की एकदम सांगू नका, आधी विज्ञानात असं होतं म्हणा, तांत्रिक अडचण म्हणा. त्यांनी मान हलवली, पण त्या ऐकत नव्हत्या.

विहारापुढच्या फरशीवर बायका जमल्या होत्या, काही गडीमाणसंही. म्हातारे भिंतीला टेकून बसले होते. मॅडम उभ्या राहिल्या आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. तो आपल्या आधी दुसऱ्यांना दिसलेला होता. त्याच्यावर आपला हक्क नाही. आईचं नाव त्याला लागणार नाही. मी तेव्हा बोलायला नको होतं. मग त्यांनी पिशवीतून साडी काढली.

मला ते सहन झालं नाही. मी उठून, मॅडमचं योगदान मात्र अनमोल आहे, असं सुरू केलं. धुरपदामावशीनं हात वर केला. "तुम्ही बसा, बाई." मी बसले.

मावशीनं मॅडमना विचारलं, "म्हंजे आपला नाय तो?"

"नाय, मावशी."

"पक्कं?"

"पक्कं. काटा थांबला."

मावशीनं दोन्ही हात पुढं केले. मॅडमनी साडी तिच्या हातावर ठेवली. मावशीनं ती उलगडली, शेजारणीला एक टोक धरायला लावलं, दोघींनी पदर बघितला, काठ बघितला, नीट घडी घातली आणि मावशीनं ती मांडीवर घेतली.

"ठिवते," ती म्हणाली. "खरा घावला की ये. हीच नेसवू."

एवढंच. कुणी समजूत घातली नाही, कुणी नाक मुरडलं नाही. चहा आला आणि बोलणं कापसाच्या वेचणीवर गेलं.

मला तिथं फार लाज वाटली. कुणी काही म्हणालं नव्हतं, तरी वाटली. इतके दिवस आम्ही दारोदार हिंडत होतो आणि मानाची वस्तू परत घेणारं हे पहिलंच दार. आम्ही शहरात जे दिलं होतं ते आमच्या घरांत पडलेलंच होतं, ते परत आलं काय, न आलं काय. ह्या बायकांनी पैसे जमवले होते, दुकानात जाऊन रंगावरून भांडल्या होत्या आणि माझ्या मॅडमच्या शब्दावर विश्वास ठेवला होता. हो म्हणाली तेव्हाही ठेवला आणि नाही म्हणाली तेव्हाही ठेवला. मी मॅडमच्या कानाशी जाऊन म्हटलं, माझी शाल द्या. त्या म्हणाल्या, पिशवीतच आहे. घडी तशीच उलटी होती.

म्हातारे मात्र दुपारभर एक अक्षर बोलले नव्हते. दिवस मावळल्यावर ते अंगणात बाजेवर बसले, आम्ही दोघी उंबऱ्यात. मॅडमचे हात मांडीवर घट्ट होते. शेवटी म्हाताऱ्यानंच विचारलं.

"तुझ्या मायचं नाव काढलं का मंग तिथून?"

"बसलंच नव्हतं, बाबा."

त्यांनी मावळतीकडं, शेजारच्या पत्र्याच्या वर बोट केलं. "मंग मी रोज सांजचं लोकायला दाखवतो, ते काय हाय?"

मी बघितलं. चांगला मोठा, पांढरा, लखलखीत. मराठी शिकवत असले तरी तेवढं मलाही कळत होतं. मी मॅडमचा दंड दाबला. एवढं राहू द्या, म्हातारं माणूस आहे, कुणाचं काय जातंय. त्यांना माझं दाबणं कळलं. त्यांनी माझा हात बाजूला केला.

"तो शुक्र आहे, बाबा. आपला तर नुसत्या डोळ्यांना दिसायचाच नाही."

म्हातारे तिकडंच बघत राहिले. मग म्हणाले, "वाटलंच मला. तुझी माय होती तवाबी तो तिथंच असायचा."

मॅडमनीही मग तिकडं बघितलं.

"मधी कैक महिने दिसंना झाला," म्हातारे सांगत होते. "लोक विचारायला लागले, कुठं गेली. म्या म्हणलं, माहेराला गेलीय."

मॅडम हसल्या. हसता हसता त्यांनी पदर तोंडात कोंबला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. म्हाताऱ्यांनी त्यांच्याकडं बघितलं नाही. मान खाली घालून ते बाजेच्या सुतळीवरून बोट फिरवत होते.

"कुठंय, कुठंय, म्हणून रोज विचारायचे. बोट कुठंतरी दाखवावं लागतं ना. तूबी काटा थांबायच्या आदी बोललीस, मीबी बोललो."

"व्हय, बाबा."

"आता काय सांगू लोकायला?"

मॅडमनी डोळे पुसले. "सांगा, शोधतीय."

सकाळी मला म्हाताऱ्यांच्या आवाजानं जाग आली. रस्त्याच्या कडेला ओट्यावर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारत होते. दूधवाल्याला, हंडा घेऊन निघालेल्या बाईला, शेताकडं चाललेल्या माणसांना. "ऐक रं. म्या दाखवत व्हतो ते नव्हं ते. तो शुक्र हाय. पोरगी शोधतीय अजून." कुणी बरं म्हणत होतं, कुणी न थांबता पुढं जात होतं. न थांबणाऱ्याला ते मागून पुन्हा ओरडून सांगत होते. सांगताना त्यांची नजर वर होत नव्हती, पण त्यांनी एकालाही सोडलं नाही. मॅडम आत चुलीपाशी उभ्या राहून चहा पीत होत्या आणि प्रत्येक हाकेला त्यांचे डोळे मिटत होते.

त्याच वर्षी मॅडमनी आमची शाळा सोडली आणि वडलांजवळ राहायला गेल्या. तिकडच्या शाळेत शिकवतात, शनिवारी दुपारी पोरींना घेऊन ठिपके बघतात. अजून घावलेला नाही. साडी मावशीच्या पेटीत आहे. फोनवर बोलताना त्यांनी बोर्डाचं मला एकदाही विचारलेलं नाही. विचारलं असतं तर मला सांगावं लागलं असतं. मुख्याध्यापकांकडं मी विषय काढला होता, एकदा नाही, दोनदा. दोन्ही वेळा ॲडमिशन चालू होत्या.

परवा बोर्डाला नवा रंग द्यायला पेंटर आला. प्रार्थनेची घंटा झालेली, पोरं रांगेत उभी, मी घाईनं फाटकातून आत येत होते. त्यानं शिडीवरून विचारलं, "मजकूर हाच ठेवायचा ना, मॅडम?"

मी थांबले. सोयगावचा तो ओटा माझ्या डोळ्यांसमोर आला, खरंच आला. मी म्हटलं, 'ग्रह'च्या आधी 'लघु' घालता येतं का बघा.

त्यानं बोटानं ओळ मोजली. "बसत नाय, मॅडम."

"राहू द्या मग," मी म्हटलं.